कुकरच्या शिट्टीला अर्थ कुठून आला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिझाइनच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की वस्तूचं रूप तिच्या कामातून ठरतं. मग त्या वस्तूला जो अर्थ चिकटतो, म्हणजे जिव्हाळा, भीती, प्रतिष्ठा, सवय, तो कुठून येतो? काम झाल्यावर तो वरून चढवायचा असतो का? आणि उदाहरण परदेशी खुर्चीचं नको, आपल्या घरातलं द्या.

उदाहरण प्रेशर कुकरचं देते. घरगुती भांडी आणि उपकरणं यांचं डिझाइन हेच माझं कामाचं क्षेत्र आहे. त्यातही कुकर ही अशी वस्तू आहे की तिच्यात तुमच्या प्रश्नाचे सगळे धागे एकत्र सापडतात.

आधी त्या शिकवणीबद्दल. रूप कामामागून येतं, हे सूत्र शिकागोचे वास्तुविशारद लुई सलिव्हन यांनी १८९६ साली मांडलं, तेही उंच कार्यालयीन इमारतींबद्दल लिहिताना. पुढे ते चमच्यापासून विमानापर्यंत सगळ्याला लावलं गेलं. सूत्र चुकीचं नाही, पण अपुरं आहे. वस्तू काम करते तेव्हा त्या कामाचा काही भाग आपल्याला दिसतो, काही ऐकू येतो, काही हाताला लागतो आणि बराचसा झाकलेला राहतो. माणसं अर्थ लावतात तो या उघड्या भागावरून. कुठला भाग उघडा ठेवायचा आणि कुठला झाकायचा, हे डिझायनर ठरवतो. कधी जाणूनबुजून, तर कधी लक्षातही न येता.

आता कुकर जवळून पाहू.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यानंतर कितीही मोठी आच केली तरी पाणी त्याहून तापत नाही, फक्त वाफ जास्त होते. महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि लेहला ८८ च्या आसपास. त्यामुळे तिथे उघड्यावर डाळ शिजता शिजत नाही. भांडं घट्ट बंद करून आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला एक किलोने वाढवला की पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं. या वीस अंशांत तुरीची डाळ भराभर मऊ होते. कुकरचं काम एवढंच आहे. फ्रेंच संशोधक डेनिस पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असं भांडं ठेवलं, ते हाडं मऊ करण्यासाठी. जास्तीचा दाब निघून जावा म्हणून वजन लावलेली सुरक्षा झडपही त्यांचीच. म्हणजे झाकणावरचं वजन मुळापासून सुरक्षेसाठी आहे. ते कुणाला काही कळवण्यासाठी बसवलेलं नव्हतं.

आपण ज्याला ‘शिट्टी’ म्हणतो ते हेच वजन. झाकणावरच्या नळीला बारीक भोक असतं आणि त्यावर ते बसतं. भोक ३ मिलिमीटर व्यासाचं धरा. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिलिमीटर होतं आणि एक किलोच्या दाबाला त्यावर जेमतेम ७० ग्रॅम वजन पुरतं. पाच लिटरच्या भांड्यातली वाफ हा बोटभर धातूचा तुकडा धरून ठेवतो. दाब वाढला की वजन उचललं जातं, आणि इथे एक गंमतीची गोष्ट घडते. वजन बसलेलं असताना वाफ फक्त भोकाएवढी जागा ढकलत असते. ते उचललं गेलं की तिला वजनाच्या तळाची जास्त जागा ढकलायला मिळते. त्यामुळे वजन किंचित उचलून तिथेच थांबत नाही, एकदम उडतं. वाफ जोरात सुटते, आवाज होतो, दाब उतरतो आणि वजन पुन्हा खाली बसतं. मग दाब परत साठायला थोडा वेळ लागतो.

हा मधला शांत वेळ माझ्या मते कुकरच्या डिझाइनमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. त्यामुळे शिट्टी मोजता येते. अमेरिकेतल्या जुन्या धाटणीच्या कुकरांवर वजन सतत डुलत राहतं आणि वाफ थोडी थोडी सारखी निघत असते. तिथे मोजायला काही नसतं, म्हणून तिकडच्या पाककृती मिनिटांत लिहिलेल्या असतात. स्वित्झर्लंडच्या कुन रिकोन कंपनीने १९४९ साली डुरोमॅटिक नावाचा कुकर आणला. त्यात वजनाऐवजी स्प्रिंगवर वर येणारी दांडी आहे आणि तिच्यावर तांबड्या रेघा. पहिली रेघ दिसली की कमी दाब, दुसरी दिसली की पूर्ण दाब. वाफ जवळजवळ वाया जात नाही आणि आवाजही फारसा नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने फार सुंदर काम आहे ते, आणि मी ते भांडं विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवते.

पण ती दांडी बघायला शेगडीसमोर उभं राहावं लागतं.

आपल्याकडे सकाळी सातच्या सुमाराला स्वयंपाक करणारी व्यक्ती काय काय करत असते ते आठवा. कणीक मळायची, एका मुलाची वेणी, दुसऱ्याचा डबा, नळाला पाणी आहे तोवर भरून ठेवायचं, दारात दूधवाला. कुकरकडे बघत बसायला कुणाला सवड आहे? डोळ्यांना एका वेळी एकाच ठिकाणी राहावं लागतं, कान मात्र घरभर फिरतात. शिट्टी न्हाणीघरात ऐकू येते, गॅलरीत ऐकू येते. बाई बाहेरून ओरडून सांगते, “अगं, तिसरी झाली, गॅस बंद कर!” आणि ज्या मुलीने आयुष्यात डाळ शिजवलेली नाही ती उठून बटण फिरवते. स्वयंपाकातलं एक नाजूक काम, शिजलं की नाही हे ओळखणं, त्या आवाजामुळे घरातल्या कुणाच्याही हाती देता आलं. नवऱ्याच्याही. स्विस कुकरला हे जमलं नसतं. त्याचं काम याच्यापेक्षा सरस आहे, पण त्याचा कळवण्याचा मार्ग आपल्या सकाळीला मानवणारा नाही.

आता कंपन्यांची माहितीपुस्तिका काढून वाचा. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं की पूर्ण दाब आला की आच मंद करा आणि तिथून मिनिटं मोजा. हे बरोबर आहे. शिट्टी हे वेळेचं खात्रीचं माप नाही. मोठ्या बर्नरवर शिट्ट्या भराभर होतात, मंद आचेवर दोन शिट्ट्यांत बराच वेळ जातो. तुमच्या तीन आणि शेजारणीच्या तीन यांत शिजण्याचा वेळ सारखा नसतो. तरीही पाककृतीत ‘तीन शिट्ट्या करून घ्या’ असं लिहिलेलं असतं आणि घरोघरी वरण नीट होतं. कारण प्रत्येक घराने आपला कुकर, आपली शेगडी आणि नेहमीच्या दुकानातली डाळ यांचं गणित बसवलेलं असतं. नवी सून किंवा नवा भाडेकरू आला की पहिले काही दिवस भात मोकळा होतो नाहीतर लगदा होतो, मग आकडा ठरतो. राजमा-छोल्यांचा वेगळा, बटाट्यांचा वेगळा. हे माप लोकांनी तयार केलं. कारखान्याने दिली ती फक्त मोजण्याजोगी घटना.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. सुरक्षेच्या वजनाला घड्याळाचा अर्थ लोकांनी दिला, पण त्या वजनाच्या रचनेत तो अर्थ धरून ठेवण्याची जागा होती म्हणून तो टिकला. सतत डुलणाऱ्या वजनाला तो देता आला नसता. डिझायनर अर्थ ठरवून पाठवू शकत नाही, पण तो बसेल अशी जागा तरी ठेवतो किंवा बुजवतो.

एकदा माप म्हणून शिट्टी रुजली की पुढचे अर्थ आपोआप येतात. चाळीत किंवा सोसायटीत दुपारी बाराला शिट्ट्या सुरू झाल्या की कुणाकडे स्वयंपाकाची काय गत आहे हे भिंतीपलीकडे कळतं. शाळेतून जिना चढून येणाऱ्या मुलाला जेवायला वेळ आहे की ताट वाढायला घेतलंय हे दार उघडायच्या आधी समजतं. सकाळच्या पहिल्या शिट्टीने उठणारी माणसं मला माहीत आहेत. यातलं काहीही कुठल्या आराखड्यात लिहिलेलं नव्हतं.

भीतीचं काय? तीही याच वजनातून आणि झाकणातून आली. कुकर म्हणजे वाफ कोंडलेलं भांडं, आणि ते उडतं ही गोष्ट प्रत्येक घराने कुणाकडून तरी ऐकलेली असते. या भीतीला दोन कंपन्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली आणि ती हाताच्या हालचालींत उतरली. मुंबईत १९५९ साली सुरू झालेल्या हॉकिन्सचं झाकण आत जातं. कुकरचं तोंड आणि झाकण लंबगोल आहेत. झाकण तिरपं करून आत घालायचं, फिरवायचं, वर ओढून दांड्याला अडकवायचं. आतला दाब झाकणाला खालून वर, तोंडाच्या काठावर दाबून धरतो, त्यामुळे वाफ जिरेपर्यंत ते सहजी उघडतच नाही. सुरक्षेचा नियम आकारातच आहे, तो कुणी पाळायची वाट बघत नाही. किंमत एवढीच की पहिल्यांदा झाकण लावणाऱ्याला ते जमत नाही. पाहुणी आलेली मावशी झाकण हातात घेऊन उभी राहते आणि म्हणते, “हे कसं लावतेस बाई तू?”

प्रेस्टिजच्या नेहमीच्या कुकरचं झाकण बाहेरून बसतं आणि बरणीसारखं फिरतं. कुणालाही शिकवावं लागत नाही. पण दाब त्या झाकणाला बाहेर ढकलत असतो, म्हणून सुरक्षेची जास्त सोय वेगळी करावी लागते. त्यांनी झाकणाच्या कडेला एक खाच ठेवली. नळी चोंदली आणि दाब हाताबाहेर गेला तर रबराची रिंग त्या खाचेतून बाहेर फुगते आणि वाफ निघून जाते. शिवाय वितळणाऱ्या मिश्रधातूचा सेफ्टी व्हॉल्व असतोच. (तो बदलायची वेळ आली तर त्याच कंपनीचा बसवा. बाजारात मिळेल तो स्वस्तातला बसवू नका, आणि आयएसआय चिन्हाशिवाय कुकर घेऊ नका. २०२१ पासून ते कायद्याने सक्तीचं आहे.) प्रेस्टिजची जुनी हिंदी जाहिरात आठवत असेल, बायकोवर प्रेम असेल तर नवरा या कुकरला नाही कसं म्हणेल, अशा अर्थाची. भीतीचं रूपांतर काळजीत करून ती नवऱ्याच्या खिशाशी जोडलेली होती. आज ती ओळ मला पटत नाही, पण ग्राहकाच्या मनात कुकरचा अर्थ काय आहे हे ती अचूक ओळखून होती.

प्रतिष्ठेचा मुद्दा थोडक्यात आटोपते, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. रुखवतात कुकर मांडला जायचा, लग्नात मिळालेल्या भांड्यांवर नावं कोरली जायची, आणि शिकायला परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत आजही कपड्यांच्या घड्यांमध्ये एक तीन लिटरचा कुकर असतो.

मला जास्त बोलायचं आहे ते आतल्या भांड्यांबद्दल. आपल्याकडे कुकर लावायचा म्हणजे तळाला थोडं पाणी, त्यावर जाळी, मग डाळीचं भांडं आणि त्यावर तांदळाचं. अनेक प्रांतांत डाळ थेट कुकरमध्येच घालतात. एकावर एक भांडी रचून वाफेवर शिजवायची कल्पना दाबाच्या कुकरच्या आधीपासून भारतात आहे. कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर काढला. त्यात डब्यांची उतरंड होती आणि खाली कोळशाचा विस्तव. एकट्याने राहणाऱ्यांना एका वेळी वरण, भात, भाजी मिळायची. दाबाच्या कुकरात ही उतरंड आली आणि मराठी घराने ती उचलून धरली, कारण आपलं रोजचं जेवण वरण-भातावर उभं आहे.

पण भांड्याने जेवणही बदललं. डाळ आणि तांदूळ एकाच वाफेत, तितकाच वेळ राहतात. डाळीला लागतात तेवढ्या शिट्ट्या भाताला जास्त होतात. म्हणून कुकरचा भात मऊ होतो, शितं एकमेकांना धरून राहतात. त्याची मूद पडते. त्यावर गोडं वरण, तूप आणि लिंबू हे जे चित्र आपल्याला घरचं वाटतं त्यातला भाताचा मऊपणा बऱ्याच अंशी या उतरंडीने ठरवला आहे. पातेल्यात वेळून केलेला मोकळा भात आता कित्येक घरांत सणाला होतो. शिजवण्याच्या सोयीने चवीची अपेक्षा ठरली, आणि पुढच्या पिढीला तीच मूळची वाटते. डिझाइनचा एवढा खोल परिणाम मोजायला आपल्याकडे साधनं नाहीत, पण तो होतो हे कुठल्याही ताटात दिसतं.

आणखी एक बारीक गोष्ट दाखवते. ॲल्युमिनियमच्या कुकरात तळाला नुसतं पाणी घातलं की आतून तो काळा पडतो, विशेषतः पाणी जड असेल तर. घरोघरी बायकांनी त्यावर उपाय शोधला: पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटुक टाकायचं. आंबटपणामुळे काळा थर धरत नाही. रिंग सैल झाली की ती थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवायची. झाकण लावण्याआधी नळीतून आरपार बघायचं किंवा फुंकर मारायची. या युक्त्या म्हणजे वापरणाऱ्यांनी पुढे नेलेलं डिझाइन आहे आणि मी त्यांच्याकडे त्याच आदराने बघते. ज्या वस्तूत लोकांना असा हात घालता येतो ती त्यांची होते. कुकर घरात दोन-दोन पिढ्या टिकतो याचं श्रेय जाड ॲल्युमिनियमला आहे, तितकंच रिंग, शिट्टी, दांडा आणि व्हॉल्व सुटे मिळण्याला आहे. तालुक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात या गोष्टी खिळ्याला टांगलेल्या असतात आणि शेगडी-कुकर दुरुस्त करणारा त्या तुमच्यासमोर बसवून देतो. सुटा भाग मिळणं हा वस्तूच्या अर्थाचा भाग आहे. जी दुरुस्त होते तिला आपण आपली म्हणतो.

उलट बाजूही बघा. २०१० मध्ये कॅनडातून इन्स्टंट पॉट आला. विजेवर चालणारा, आत तापमान आणि दाब ओळखणारे सेन्सर, वेळ लावा आणि विसरा. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत मराठी घरांत तो रुळला, आणि त्याचं कारण योग्यच आहे: समोर थांबायला लागत नाही, विसरलं तरी जळत नाही. पण तो शिट्टी देत नाही. आईने फोनवर सांगितलेल्या तीन शिट्ट्यांचं भाषांतर मिनिटांत करावं लागतं, आणि ते प्रत्येक पदार्थाला वेगळं होतं. शेवटी बीप वाजते, ती काम संपल्याची. मधल्या वाटेवर काय चाललंय हे तो सांगत नाही. जुन्या कुकरात शिट्टीचा सूर बदलला, वाफेचा वास आला, डाळीचं पाणी नळीतून फसफसलं, की आच कमी करावी हे कळत होतं. नव्या भांड्याने ते सगळं आत घेतलं. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला स्वयंपाक येत नाही त्याला त्यातून आधार मिळतो. पण त्यातून शिकायला मात्र कमी मिळतं, आणि विद्यार्थी म्हणून तुम्ही या देवघेवीचा हिशेब मांडायला शिकलं पाहिजे.

कामाचं काही हवं असेल तर एक अडलेला प्रश्न देते. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी जातात ते चिरके, उंच सूर, आणि शिट्टीचा आवाज नेमका त्या बाजूचा आहे. ज्या आज्जींनी आयुष्यभर कानावर कुकर चालवला त्यांना सत्तरीत शिट्टी निसटते. मग मोजणी चुकते, पाणी आटतं, व्हॉल्व उडतो, आणि घरातले म्हणतात, आता तुम्ही गॅसजवळ जाऊ नका. जन्मतः ऐकू न येणाऱ्यांना तर हे माप कधी मिळालंच नाही. वजनाच्या पोकळीचा आकार आणि वाफेची वाट बदलून सूर खालचा करता येईल का? झालेल्या शिट्ट्या लांबून दिसतील असं, वजनाच्याच उडीवर चालणारं, बॅटरी नसलेलं काही झाकणावर बसवता येईल का? १२० अंशांची वाफ, तेलकट हात आणि रोजची घासणी यांत ते टिकलं पाहिजे, आणि त्याचा सुटा भाग त्याच खिळ्यावर टांगलेला मिळाला पाहिजे. सुरुवात कागदावर करू नका. आधी कुणाच्या तरी आज्जीबरोबर सकाळी ओट्याशी उभं राहा आणि कुकर लावल्यापासून झाकण उघडेपर्यंत त्या कशाकडे बघतात, कशाला कान देतात आणि हात कुठे ठेवतात ते लिहून घ्या.